टॉवेल-टोपीच्या जागी पुस्तक

नवरा-बायकोवर विनोदी लिहिणाऱ्या माणसाला लोक लग्नाला हमखास बोलावतात. का बोलावतात ते मला अजून कळलेलं नाही. लग्नानंतर काय होतं ते ज्याने छापून ठेवलंय, त्यालाच अक्षता टाकायला बोलवायचं, म्हणजे अपघाताआधीच पंचनामा करणारा आणून बसवण्यासारखं आहे. तरी बोलावतात. मी जातो.

माझं शिक्षण चौथी. तीही मास्तरांनी कंटाळून पुढे ढकललं म्हणून झाली. मराठवाड्यातून आलो, आकुर्डीच्या कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर, लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. कॅन्टीनमध्ये जेवताना घरचे किस्से सांगायचो. लोक हसायचे, पुन्हा सांगा म्हणायचे. मग लिहायला लागलो. बायको सातवी शिकलेली आहे आणि हे ती मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवते. शुद्धलेखन तीच बघते. बघता बघता स्वतःबद्दलची वाक्यं खोडून टाकते. जे उरतं ते छापतो. अशी तीन पुस्तकं झाली.

पुस्तकं मी स्वतः विकली. दुकानदाराच्या दारात गेलो नाही, प्रकाशनाचा हारतुऱ्याचा कार्यक्रम केला नाही. कंपनीच्या गेटवर पाळी सुटताना उभा राहिलो, बसथांब्यावर उभा राहिलो, युनियनच्या सभेबाहेर उभा राहिलो. हे बघून दुसरे लेखक माझ्याकडे यायला लागले. शिकलेले लोक, प्राध्यापक वगैरे. काका, आमच्याही पुस्तकाचं जरा बघा. आता माझ्या काळेवाडीच्या घरात पलंगाखाली दुसऱ्यांचीच पुस्तकं जास्त असतात.

माझी एक पद्धत आहे. ऐकल्याशिवाय माणूस पुस्तक घेत नाही. पण लेखकाने वाचलं तर लोक जांभया देतात आणि मी वाचलं तर विक्रेता म्हणून संशय घेतात. म्हणून समोरच्या घोळक्यातलाच एक माणूस पकडायचा, पहिल्या पानावरच्या दोन ओळी त्यालाच मोठ्याने वाचायला लावायच्या. आपल्यातला वाचतोय म्हटल्यावर बाकीचे हसायला तयारच असतात. ह्यात एकच अडचण यायची. पन्नाशीच्या पुढचा माणूस म्हणायचा, "चष्मा नाही आणला हो." तर मी त्याचाही बंदोबस्त केला. पिशवीत वेगवेगळ्या नंबरचे तयार चष्मे ठेवायला लागलो. कोणी चष्म्याचं नाव काढलं की लगेच समोर धरायचा. ही युक्ती मला कोणी शिकवली नाही, माझी आहे, आणि तिचा मला फार अभिमान होता.

आमच्या गल्लीपासून दोन गल्ल्या सोडून एक बाई राहतात. मी त्यांना ताई म्हणतो, त्या मला दादा म्हणतात. औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होत्या, आता रिटायर आहेत. यजमान भोसरीकडे फाउंड्रीत कायम रात्रपाळीला, ते वारले. ताईंनी पुस्तक लिहिलं होतं की नवरा रात्री कामाला आणि बायको दिवसा, अशा घरात संसार कसा होतो. जिन्यात किल्ली देता-घेता काय ती भेट. मी ते पुस्तक एका बैठकीत संपवलं, आणि मी पुस्तक एका बैठकीत संपवत नाही, मला अक्षर लावायला वेळ लागतो. सुरुवातच अशी होती: लग्न झालं आणि दुसऱ्याच आठवड्यात ह्यांना नाईट लागली. सासूबाई म्हणाल्या, सून आली आणि मुलगा गेला.

मी ताईंना म्हणालो, "हे मी खपवतो. शब्द देतो."

त्या म्हणाल्या, "शब्द नका देऊ दादा. नुसतं बघा."

मी शब्द दिला.

त्याच सुमारास माझा दोस्त पत्रिका घेऊन आला. प्रेस शॉपला त्याचं मशीन माझ्या शेजारी होतं. चाकणजवळच्या गावातला शेतकरी माणूस. जमीन थोडी कंपन्यांना गेली, थोडी राहिली, त्यात कांदा करतो. मुलीचं लग्न काढलं होतं. मुलगा चाकणलाच इंजिनीअर, घरचे लोक चांगले.

चहा पिता पिता तो म्हणाला, "लेखक, समदं आवरलं, आता टॉवेल-टोप्या तेवढ्या आणायच्या राह्यल्या. पोतं भरून लागत्यात. अन मानूस करतो काय त्याचं? टोपी कोन घालतंय आता? टॉवेलानं गाडी पुसत्यात."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडच्या लग्नात पाहुण्यातल्या मानाच्या पुरुषांना नाव पुकारून टॉवेल-टोपी देतात. ती वस्तू दोन दिवस टिकत नाही, पण मिळाली नाही तर माणूस वीस वर्षं लक्षात ठेवतो.

माझ्या डोक्यात लगेच उजेड पडला. मी म्हणालो, "पुस्तक दे."

"कुनाला?"

"ज्याला ज्याला टॉवेल-टोपी, त्याला त्याला पुस्तक. संसारावरचं आहे, हसवणारं आहे, लग्नात शोभेल. चाकण पट्ट्यात कोणी केलं नसेल असं होईल. लोक नाव काढतील."

नाव काढतील म्हटल्यावर त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "व्हय राव. करू."

आतून बायको बाहेर आली. "भाऊजी, ह्यांचं ऐकू नका. पुस्तक काय डोक्यावर घालता येतं का?"

मी म्हणालो, "डोक्यात घालतात."

"ते तुमच्या डोक्यात आधी कोणीतरी घाला," म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी बॉक्स दोनदा मोजले. पुस्तकांचे बॉक्स, ताई, बायको आणि मी असे टेम्पोतून निघालो. चाकणच्या चौकाआधी ट्रक नेहमीसारखे अडकलेले. ताईंनी नवी साडी नेसली होती, मांडीवर पिशवी घट्ट धरली होती. मध्येच त्या म्हणाल्या, "दादा, लोक तिथेच टाकून गेले तर? पायाखाली येतील."

"कोण टाकतंय," मी म्हणालो. पण तोवर हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता, आणि एकदा आल्यावर तो जाईना. गेटपाशी उतरलो.

लॉन भलामोठा. खुर्च्यांना कापडं घातलेली, स्टेजवर फुलांचा डोंगर. माईकवर निवेदक म्हणून एक तरुण होता. कुठला पुढारी आला की सत्कार, कुठला सरपंच आला की सत्कार. त्याला मी बाजूला घेऊन पढवलं. "पहिलं पुस्तक नवरदेवाच्या मामांना. मोठा मान त्यांचा. त्यांना दोन ओळी वाचायला सांगायच्या. लोक हसले की मग बाकीची नावं घ्यायची." आणि त्याच्या खिशात एक चष्मा घालून ठेवला. "नंबर मधला आहे, बहुतेकांना चालतो. चष्मा नाही म्हणाले तर हा दे."

तो हसला. "काका, तुम्ही मार्केटिंगला पाहिजे होता."

"आहेच," मी म्हणालो.

मुहूर्ताला अजून अवकाश होता. निवेदकाने सांगितलं की यजमानांनी या वर्षी नवी प्रथा सुरू केली आहे, टॉवेल-टोपीच्या जागी पुस्तक. थोड्या टाळ्या पडल्या. मग मामांचं नाव पुकारलं. मामा वर आले. सत्तरीचा माणूस, धोतर, पांढरा शर्ट, मिशा भरघोस. बाजारात कांद्याचा मोठा व्यवहार असणारे गृहस्थ, भागात वजन. माझ्या दोस्ताने वाकून त्यांच्या हातात पुस्तक दिलं. फोटो झाला. आणि निवेदकाने माईक त्यांच्या तोंडापुढे धरला.

"मामा, पहिल्या पानावरच्या दोन ओळी वाचा. सगळ्यांना ऐकायच्यात."

मामांनी पुस्तक उघडलं, मिटलं. म्हणाले, "चष्मा न्हाई आनला."

"हा घ्या की मामा!" त्याने खिशातून चष्मा काढून स्वतःच त्यांच्या कानावर अडकवला. लोक हसले. मी मागे उभा होतो, मीही हसलो. युक्ती बरोबर चालली होती.

मामा चष्म्यातून पानाकडे बघत राहिले. माईकमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता. "वाचा मामा," निवेदक म्हणाला. "लाजताय काय, भाच्याचं लग्न आहे." पुन्हा लोक हसले. मामांनी पान उलटलं, परत पहिल्यावर आले. मग त्यांनी माईकवर हात ठेवला, बाजूला सारला, आणि पुस्तक हातात घेऊनच स्टेजच्या पायऱ्या उतरले. खुर्च्यांच्या मधून चालत गेटबाहेर गेले. चष्मा तसाच डोळ्यावर.

सगळीकडे कुजबुज पसरली. टॉवेल-टोपी दिली नाही, मामाचा मान ठेवला नाही, मामा रुसला. वरपक्षाकडची एक बाई मोठ्याने म्हणाली, "पुस्तकं वाटायला ही काय शाळा हाय?" नवरदेवाची आई पदराने तोंड पुसत होती.

दोस्त माझ्याकडे आला. त्याचा चेहरा मी प्रेस शॉपमध्ये एकाची बोटं गेली होती त्या दिवशी तसा बघितला होता. "राव, मामा मागं उभा राह्यल्याबिगर त्ये अंतरपाट धरायचे न्हाईत. त्येंच्यात लई कडक हाय. माझ्या पोरीचं लग्न हाय ह्ये."

"मी आणतो."

"काय म्हनून आनतो?"

ते मला माहीत नव्हतं. रुसलेल्या माणसांवर मी आख्खं पुस्तक लिहिलंय. जावई रुसतो, सासू रुसते, नवरा जेवायचा राहतो. त्यातलं एक अक्षर त्या वेळी मला आठवलं नाही. मोठे पुढारी अजून यायचे होते म्हणून मुहूर्त लांबत होता. जन्मात पहिल्यांदा पुढाऱ्याच्या उशिराचा मला आधार वाटला.

मामा बाहेर त्यांच्या पिकअपमध्ये बसले होते. मागे रिकाम्या गोण्या, कांद्याची सालं. मी काचेवर टकटक केलं. त्यांनी दार उघडलं.

"तुमीच का त्ये पुस्तकवाले?"

"मीच."

"चष्मा बी तुमचाच?"

"माझाच."

त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. मी शेजारच्या सीटवर चढलो आणि वाटेत ठरवलेलं बोलायला लागलो. "मामा, मानपानात आमचं चुकलं. टॉवेल-टोपी हवी होती हे..."

"टोपीचं न्हाई ओ."

"मग?"

ते समोर काचेतून बघत होते. पलीकडे घोडा उभा होता, वरातीचा, त्याला कोणीतरी हरभरे देत होतं. "मला येत न्हाई," ते म्हणाले.

"काय येत नाही?"

त्यांनी मांडीवरच्या पुस्तकाकडे नुसती मान हलवली.

गेटवर, बसथांब्यावर, सभांबाहेर किती जणांनी मला चष्मा नाही म्हणून सांगितलं होतं, आणि मी किती जणांच्या नाकावर तो चढवला होता, ते सगळे एकदम डोळ्यापुढे उभे राहिले. पण ते मोजायची ही वेळ नव्हती. आत मुलगी हळदीच्या अंगाने बसली होती.

मामा म्हणाले, "भनीला म्हाईत हाय. बायकूला म्हाईत होतं, ती गेली. भाच्याला न्हाई. त्येला मी कडंवर घेऊन शाळंत सोडलाय. त्येला वाटतं मामा रोज सकाळी पेपर वाचतो."

"वाचता?"

"धरतो."

मामांनी पुस्तक डॅशबोर्डवर ठेवलं.

"आता आत आलो तर त्ये पोरगं पुन्यांदा माईक घिऊन यील. मामा, राह्यलेलं वाचा. मग?"

"मी सांगतो त्याला, नको म्हणून."

"का नको म्हनंल त्यो. काय सांगशिला?" ते माझ्याकडे वळले. "मी रुसलोय असंच समद्यांना वाटतंय न्हवं? वाटू द्या. मामा रुसला तर कुनाला नवल न्हाई. पर टोपीसाठीच रुसला, दुसरं काय न्हाई, ह्ये कुनीतरी ठासून सांगाया पायजे. अन त्ये पुस्तक पुन्यांदा माज्यापुढं येता कामा नये."

मला कळलं ते काय मागत होते. दोन हजार माणसांपुढे मी माईकवर जाऊन म्हणायचं की पुस्तकाची कल्पनाच चुकली. मी! ज्याने चौथीवर तीन पुस्तकं लिहिली आणि प्राध्यापकांची विकली. आणि तिसऱ्या रांगेत ताई बसलेल्या.

"मामा, कल्पना चुकलेली नाही," मी म्हणालो.

"आसंल बी."

"पुस्तक चांगलं आहे."

"आसंल. मी कुठं वाचलंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमाला बोलता येतंय. लिवता बी येतंय. मला ह्ये येवढंच झाकता येतंय बगा. घरच्या मानसाला बी सांगायचं न्हाई."

आतून निवेदक पुढाऱ्यांचं आगमन झाल्याचं ओरडत होता. म्हणजे आता सत्कार आटपले की मंगलाष्टका.

"शब्द देतो," म्हणालो आणि उतरलो.

स्टेजवर चढलो. माईक घेतला आणि जे म्हणालो ते मला शब्दाला शब्द आठवतं. "पाहुणेमंडळी, टॉवेल-टोपी बंद करायचं डोकं माझं. यजमानांचा त्यात दोष नाही. टोपी नाही म्हणून मामांना वाईट वाटलं आणि ते बरोबर आहे. पुस्तक ही मान द्यायची वस्तू नाही. मी सगळ्यांपुढे माफी मागतो."

बोलताना मी तिसऱ्या रांगेकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी बघितलं. ताई सरळ बसल्या होत्या. त्यांनी मांडीवरची पिशवी उचलली आणि पायाशी ठेवली, एवढंच.

आता टोपी आणायची कुठून, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. तेवढ्यात मुलीची आई पुढे झाली. तिने कोणाला तरी खूण केली आणि आचाऱ्याच्या भांड्यांमागून एक पोतं बाहेर आलं. गच्च टॉवेल-टोप्या. माझ्यावर तिचा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता, नवऱ्याला न सांगता तिने आणून ठेवल्या होत्या. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मला हे लागलं असतं. त्या दिवशी त्या वहिनींच्या पाया पडावंसं वाटलं.

मामा आले. दोस्ताने टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला. टाळ्या पडल्या. मामा नवरदेवाच्या मागे उभे राहिले, अंतरपाट धरला, आणि मी जरा श्वास सोडतो तोच करवल्यांपैकी एकीने मंगलाष्टकांचा छापील कागद त्यांच्यापुढे धरला. "मामा, एक तुम्ही म्हणा की!"

मी पुढे सरकलो.

मामा कागदाकडे न बघताच कडाडले, "आदी पुस्तक, मग टोपी, आता कागुद! मला नुसतं हुबं राहू द्याल का न्हाई?" सगळा मांडव हसला. रुसका मामा, असं कोणीतरी म्हणालं. मामा रुसक्यासारखे तोंड करून उभे राहिले आणि अक्षता पडल्या.

मी जेवलो नाही. ताईंना शोधत गेटपाशी गेलो. बायको त्यांच्याजवळ उभी होती. बॉक्स रिक्षात चढवलेले होते.

ताई म्हणाल्या, "दादा, मान द्यायची वस्तू नाही, हे मला घरीच सांगायचं होतं. मी आले नसते."

त्या रिक्षात बसल्या. रिक्षा गेली.

बायकोने घरी येईपर्यंत दम धरला. मग म्हणाली, "पिकअपमध्ये काय बोलणं झालं?"

"टोपीचं."

"एवढा वेळ? आणि तुम्ही माफी मागितली? लग्नाला इतकी वर्षं झाली, माझी एकदा तरी मागितलीत का? खरं सांगा."

"सांगितलं ना."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि भाजी निवडायला घेतली. तिला कळलं होतं की मी लपवतोय. वर्षभर तिने मला त्यावरून पुन्हा विचारलं नाही, ते मला विचारण्यापेक्षा जास्त जड गेलं. काळेवाडीत पोरं मला हाक मारायची, "काका, टोपी आणली का?" गेटवर जुने कामगार हसायचे. मी उत्तर दिलं नाही. उत्तर येत नव्हतं असं नाही. ताईंच्या काही प्रती आधीपासून माझ्या पलंगाखाली होत्या, त्या एक दिवस स्वतः येऊन घेऊन गेल्या. दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. आणि मी पुस्तकं विकणं थांबवलं नाही, पण गेटवर कोणालाही वाचायला लावताना त्याच्या तोंडाकडे बघत राहायचो. समोरचा माणूस जरा थांबला की मी पटकन म्हणायचो, राहू द्या, राहू द्या. विक्री निम्म्यावर आली.

पुढच्या वर्षी दोस्ताच्या मुलीला मुलगा झाला. बारशाचं बोलावणं आलं. मी जाणार नव्हतो, बायकोने नेलं. हल्ली पाळण्यातलं नाव एका फळीवर सजवून लिहितात, वर कापड टाकतात, आणि घरातल्या मोठ्या माणसाच्या हातून ते उघडतात. मला हे माहीत नव्हतं. बायका गाणी म्हणत होत्या, मी भिंतीशी बसलो होतो, आणि तो इंजिनीअर भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही उघडा. मोठ्याने वाचा, काय ठेवलंय नाव."

मी उठलोच. काय करणार होतो देव जाणे. शेजारच्या माणसाला विचारून नाव आधीच ओरडावं, नाहीतर चक्कर आल्याचं सोंग करावं. मामांनी मला बघितलं आणि हाताने खूण केली. "बसा, पुस्तकवाले."

त्यांनी कापड काढलं. फळीकडे बघितलं. म्हणाले, "मला वाचाया येत न्हाई. कुनीतरी वाचा."

भाच्याला वाटलं मामा थट्टा करतायत. तो हसला, मग थांबला.

"खरंच येत न्हाई. लग्नात बी येत न्हवतं. टोपीसाठी रुसलो बिसलो काय न्हाई. त्या गृहस्थाला उगं बोल लागला." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बायकोनेही बघितलं. भाचा पुढे झाला, नाव वाचलं, गाणी पुन्हा सुरू झाली.

हात धुताना मामा माझ्याशेजारी उभे होते. मी विचारलं, "का सांगितलंत?"

"उद्या ह्ये पोरगं मांडीवर बसून गोष्ट वाच म्हनंल. तवा काय, पुन्यांदा रुसू?" मग टॉवेलाला हात पुसत म्हणाले, "आता लिवा तुमाला काय लिवायचं त्ये. माजं नाव घालू नका, बास."

परतीच्या गाडीत बायको खिडकीशी बसली. चिखलीजवळ आल्यावर म्हणाली, "वर्षभर! एवढी गोष्ट पोटात ठेवलीत. माझ्यापासून!"

"शब्द दिला होता."

"तुमचे शब्द," ती म्हणाली. "घरी नंतर जाऊ. आधी ताईंकडे."

"आज नको."

"आजच."

ताईंनी दार उघडलं. मला बघून त्या मागे सरल्या नाहीत, पण या असंही म्हणाल्या नाहीत. मी उंबऱ्यापाशी उभा. सगळं बायकोनेच सांगितलं, अर्धं चुकीचं सांगितलं, मी मध्ये मध्ये दुरुस्त करत होतो. ताई ऐकत होत्या.

मग त्यांनी विचारलं, "म्हणजे पुस्तक ही मान द्यायची वस्तू आहे?"

"आहे. तेव्हाही होती."

"मग माईकवर जेवढ्या लोकांना नाही म्हणालात, तेवढ्याच लोकांना हे सांगा."

"एवढे लोक आता कुठून आणू?"

"ते तुम्ही बघा दादा. लोकांपर्यंत पोचवायचं काम तुमचं आहे, तुम्हीच म्हणाला होतात."

त्या आत गेल्या. पलंगाखालून बॉक्स ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं सगळा बॉक्स आणतायत. त्यांनी पाच प्रती आणल्या, मोजून, आणि माझ्यापुढे धरल्या.

"आधी एवढ्या खपवा. मग बघू."

"पाच-पाच पुस्तकं मी विकत नाही," मी म्हणालो. "प्राध्यापकांची शेकड्याने विकली आहेत."

"मग राहू द्या," म्हणाल्या, आणि हात मागे घ्यायला लागल्या.

मी घेतली.